चाळीस नग

अण्णांनी पंधरा नग लिहिले होते. त्या पंधराचे चाळीस मी करायला लावले. लंडनला येऊन मला महिना झाला होता आणि सीडीच्या दुकानात कामाला लागून दोन आठवडे. पण मला खात्री होती, 'ऑल सेंट्स' या चार मुलींच्या पॉप गटाबद्दल त्या अख्ख्या पश्चिम लंडनात माझ्याइतकं कुणाला कळत नाही.

या खात्रीचं मूळ सांगलीत आहे. गणपती पेठेजवळ बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, जरा मोठं खोकंच. अभंग, भावगीतं, गणपतीच्या दिवसांत आरत्या आणि लग्नसराईत हिंदी, यावर घर चालायचं. इंग्रजी कॅसेटला एकच फळी होती, तीही मी हट्ट धरला म्हणून. १९९८ साली मी अकरावीत होतो. केबलवर एमटीव्ही आणि चॅनेल व्ही लागायचं, आणि तिथे एक दिवस 'नेव्हर एव्हर' लागलं. गाणं सुरू होतं ते गाऊन नाही, तर बोलून. एक मुलगी सरळ बोलत सुटते, काय चुकलं माझं, सांग तरी, अशा सुरात. मग चौघींचे आवाज एकात एक मिसळतात. ढगळ, खिशाखिशांच्या पँटी, आणि चेहऱ्यावर हसू नाही. वर्गातली पोरं 'स्पाइस गर्ल्स'वर जीव टाकत होती, म्हणून मी मुद्दाम ऑल सेंट्सच्या पार्टीत गेलो. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण या मुली कुणाला खूश करायला आलेल्या नाहीत एवढं कळायचं, आणि सोळाव्या वर्षी तेवढं पुरतं.

त्या खरोखर मोठ्या होत्या, हे काही माझं एकट्याचं वेड नव्हतं. एकट्या ब्रिटनमध्ये 'नेव्हर एव्हर'च्या दहा लाखांवर प्रती गेल्या, १९९८ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये त्याला दोन पारितोषिकं मिळाली. १९९८ ते २००० या काळात त्यांची पाच गाणी तिथे पहिल्या नंबरवर गेली. त्यातलं 'प्युअर शोअर्स' तर आपल्याकडेही पुष्कळांना आठवत असेल. ते 'द बीच' या सिनेमात होतं, आणि विल्यम ऑर्बिट या निर्मात्याने त्याला असं काही रूप दिलं होतं की सांगलीच्या मे महिन्यातही पंख्याखाली पडून ऐकताना पाण्यात तरंगल्यासारखं वाटायचं. मग २००१ च्या सुरुवातीला गट फुटला. फोटोच्या वेळी एक जॅकेट कुणी घालायचं यावरून भांडण झालं आणि तिथेच सगळं संपलं, असं पुढे चौघींपैकीच शॅझने लुइस हिने स्वतः सांगितलं. भावकीत बांधावरून जे होतं तेच. भांडण बांधाचं नसतंच. मधल्या काळात दोघी ॲपलटन बहिणींनी वेगळा अल्बम काढला, शॅझनेने एकटीचा काढला, मेलनी ब्लॅटचं एखादं गाणं आलं. जुन्या दिवसांची सर कशालाच आली नाही. 'बेंड इट लाइक बेकहम'मधली मुलींच्या फुटबॉल संघाची कॅप्टन आठवते का? तीच शॅझने. व्हीसीडीवर तो सिनेमा बघताना मी ओरडून घरच्यांना सांगितलं होतं, आणि घरच्यांनी 'बरं' म्हटलं होतं.

तर २००६ च्या सप्टेंबरात मी एमएस्सीला लंडनला गेलो. विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तास काम करायची मुभा होती. ऑक्टोबरपासून किमान वेतन तासाला ५ पौंड ३५ पेन्स झालं होतं, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचारशे रुपये. बरोबरची पोरं हॉटेलात भांडी घासत होती. मला दुकान मिळालं, कारण मुलाखतीत मी सांगितलं, माझा जन्मच काउंटरमागे झालाय. मॅनेजर पन्नाशीचे, वडील जमैकाहून आलेले, मान डोलवायची सवय, रागावले तरी आवाज चढत नसे. सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, मीही मारायचो, पण मनातल्या मनात त्यांना अण्णाच म्हणायचो. नावाने हाक मारताना जीभ अडखळे.

नवीन अल्बम दुकानात कसा येतो ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. बाबांकडे कोल्हापूरचा एजंट मोटरसायकलवरून यायचा, पिशवीतून कॅसेटी काढायचा, चहा घ्यायचा, निघायचा. इथे कंपनीचा माणूस चार-पाच आठवडे आधी कागद घेऊन येई. त्यावर अल्बमचं नाव, तारीख, जाहिरातीवर कुठे किती जोर लावणार आहेत ते, आणि शेवटी एक रिकामी चौकट. त्या चौकटीत आपण आकडा लिहायचा. अल्बम तोवर दुकानात कुणीही पूर्ण ऐकलेला नसतो. फार तर दोन-तीन गाण्यांची नमुन्याची सीडी. मागच्या अल्बमचा खप आणि आपलं पोट काय सांगतं, यावर तो आकडा पडतो. न खपलेला माल कंपनी परत घेई, पण ठरावीक हिश्शापर्यंतच. आमच्या दुकानाच्या बाबतीत निम्मा.

पुन्हा एकत्र आलेल्या चौघींच्या अल्बमचं नाव होतं 'स्टुडिओ १'. लंडन रेकॉर्ड्स या जुन्या कंपनीकडून त्या आता पार्लोफोन या कंपनीकडे आल्या होत्या. तारीख १३ नोव्हेंबर २००६, सोमवार. तेव्हा ब्रिटनमध्ये नवीन माल सोमवारीच येई. अण्णांनी चौकटीत पंधरा लिहिलं आणि मी मध्ये तोंड घातलं. पाच नंबर वन गाणी, सहा वर्षांनी पहिला अल्बम, नाताळचा हंगाम, आमचं दुकान नॉटिंग हिलपासून हाकेच्या अंतरावर, आणि गटाचं नाव तिथल्याच ऑल सेंट्स रोडवरून पडलेलं. म्हणजे घरचंच कार्य! कंपनीचा माणूस माझ्याकडे असा बघत होता की जणू देवच पावला. अण्णांनी मान डोलवली, पंधरावर काट मारली आणि चाळीस लिहिलं.

त्या रात्री कॉलिंग कार्ड खरवडून बाबांना फोन लावला, फुशारकी मारायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"परत घेतात का?"

"निम्मे घेतात, बाबा."

"मग पंधराच ठीक होते, लेका."

मधल्या एका सुटीच्या दिवशी मी ऑल सेंट्स रोड बघून आलो. वेस्टबोर्न पार्क स्टेशनवरून चालत. तीर्थाला जावं तसा गेलो होतो, पण रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना दुकानं, वरती घरं, इतकंच. एक बाई कुत्र्याला ओढत होती. त्यांच्यातल्या मेलनी आणि शॅझने त्याच रस्त्यावरच्या स्टुडिओत नव्वदच्या दशकात भेटल्या, आणि आधी गटाच्या नावापुढे '१.९.७.५' असे आकडेही होते. या दोघी १९७५ च्या. रस्त्याच्या पाटीखाली उभं राहून माझा फोटो काढायला मी एका माणसाला सांगितलं. त्याने विचारलं, इथे काय आहे? सांगितल्यावर म्हणाला, अच्छा, त्या का? अजून आहेत?

मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पण ६ नोव्हेंबरला आधी गाणं आलं, 'रॉक स्टेडी', आणि माझं डोकं हवेत गेलं. गाणं झकास होतं. उड्या मारणारा ठेका, मधूनच हॉर्न, आणि चौघींचे आवाज तसेच, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे. अण्णांनी ते दुकानात लावलं, पूर्ण ऐकलं आणि मग मला मागच्या खोलीत नेऊन त्यांच्या वडिलांच्या काळातल्या तीन रेकॉर्डी ऐकवल्या. रॉकस्टेडी हा जमैकातला संगीताचा एक प्रकार. आधी स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे. त्याचं आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, १९६६ ते ६८. स्काचा वेग उतरवला, ठेका सैलावला आणि बासला मोकळी जागा दिली की रॉकस्टेडी. "आणि हे," त्यांनी दुकानाच्या दिशेने अंगठा दाखवला, "हे फार धावतंय. हे स्का आहे. नाव चुकलंय." नाव चुकलं तरी गाणं पुढच्या रविवारी तिसऱ्या नंबरवर होतं. मी यादी अण्णांसमोर ठेवली. त्यांनी मान डोलवली.

रविवारी दुकान बंद झाल्यावर आम्ही मांडणी केली. चाळीस नगांचे दोन ढीग दाराशी, काउंटरजवळ एक, आणि भिंतीवर पोस्टर. कव्हरवर चौघी. मी प्लास्टिकवरचे धुळीचे ठसे बाहीने पुसले. बाबा नवीन कॅसेटचं खोकं उघडताना आधी दुकानातल्या दत्ताच्या फोटोकडे बघायचे. मीही कुठेतरी बघितलं असेन.

सोमवारी अकरापर्यंत कुणीच आलं नाही. म्हणजे गिऱ्हाईक होतं, भरपूर होतं. जॉर्ज मायकलचा 'ट्वेंटी फाइव्ह' हा निवडक गाण्यांचा संग्रह त्याच दिवशी आला होता आणि लोक दारातून थेट त्याच्याकडे जात होते. बाया, पुरुष, सगळेच. त्यासाठी त्यांना वाटेत 'स्टुडिओ १'च्या ढिगाला वळसा घालावा लागत होता. ढीग दाराशी मांडायची कल्पना माझी. वळसा घालून लोक जात होते, आणि एकाच्या पिशवीचा धक्का लागून वरच्या तीन सीड्या खाली पडल्या, तेव्हा त्याने त्या उचलून, माफी मागून, परत ढिगावर ठेवल्या. त्या दिवसात त्या सीड्यांना लागलेला तो पहिला हात.

साडेअकराला बाबागाडी ढकलत एक बाई आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ढिगापाशी थांबली, कव्हर बघून तिचा चेहरा उजळला. मी पुढे झालो. तिने सीडी उलटवली, गाण्यांची नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात 'प्युअर शोअर्स' नाही का?" म्हटलं, नाही, हा नवीन आहे. सगळी नवीन गाणी आहेत. "हो का," म्हणाली, आणि सीडी ठेवून दिली. ठेवताना तिने ती बाकीच्यांशी नीट जुळवून ठेवली, हे मला आजही आठवतं. मग तिने 'प्युअर शोअर्स' कशात मिळेल ते विचारलं. मी तिला आतल्या फळीवरचा 'ऑल हिट्स' काढून दिला. गट फुटल्यावर २००१ साली जुन्या कंपनीने काढलेला संग्रह. तिने तो घेतला, आणि बाहेर जाताना पोस्टरकडे बघून पोराला म्हणाली, बघ, आईच्या मैत्रिणी.

हे तसंच्या तसं त्या आठवड्यात किती वेळा झालं ते मी बिलाच्या एका कोऱ्या चिठ्ठीवर रेघा मारून मोजलं. 'स्टुडिओ १' गेला सात नग. 'ऑल हिट्स' गेला अकरा, आणि संपला. दुकानात पडून असलेल्या जुन्या संग्रहाला गिऱ्हाईक आणून देण्याचं काम नवा अल्बम करत होता. जाहिरात पार्लोफोनची आणि गल्ला दुसऱ्याच कंपनीचा!

आमच्याकडे एका खांबाला हेडफोन लावलेले असत, नवीन अल्बम ऐकून बघायला. 'स्टुडिओ १'चं बटण दुसरं. काम नसलं की मी तिथे उभा असलेल्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. विशीतली एक पोरगी दोन गाणी ऐकून म्हणाली, हे लिली ॲलनसारखं आहे. मी चिडलो. ह्या तुझ्या लिली ॲलनच्या आधीच्या आहेत, असं ओठांवर आलं होतं. पण रात्री घरी बसून दोन्हींच्या पुस्तिका वाचल्या, तर दोन्हींवर निर्माता म्हणून ग्रेग कर्स्टिनचं नाव. लिलीच्या जुलैत आलेल्या 'ऑलराइट, स्टिल'मध्ये त्याची काही गाणी होती, आणि 'स्टुडिओ १'मध्ये तर बराचसा तोच. लिली एकवीस वर्षांची, त्या उन्हाळ्यात तिचं गाणं पहिल्या नंबरवर जाऊन आलेलं, आणि तो स्का-रेग्याचा उसळता ठेका तेव्हा तिच्या नावावर लागला होता. या चौघी तिशीच्या, त्यांच्यातल्या तिघींची पोरं शाळेत जायच्या वयाची. दहा वर्षांपूर्वी लोक ज्यांच्यामागे गेले त्याच आता दुसऱ्याच कुणाच्या मागे निघाल्यासारख्या दिसत होत्या. खरोखर तसं होतं असं मला वाटत नाही; त्यांची सुरुवातीची गाणीही लंडनच्या त्याच कृष्णवर्णीय वस्त्यांच्या संगीतातून आली होती. पण हेडफोन लावलेला माणूस इतिहास ऐकत नसतो. आणि ज्यांना ऑल सेंट्स खरंच आठवत होत्या त्यांना ती संथ, निळी गाणी हवी होती. उड्या त्यांना चालत नव्हत्या. तरुणांना वाटलं हे ऐकलंय, जुन्यांना वाटलं हे ऐकलेलं नाही.

मंगळवारपासून अण्णांकडे आठवड्याचे मधले अंदाज येत. आमच्यासारख्या दुकानांत बारकोड वाचला की ती विक्री रात्री संगणकाने यादी बनवणाऱ्यांकडे जाई. एखादा नग मी काउंटरवर टिक केला की देशाच्या यादीत एकाची भर. ही ताकद हाती आहे म्हटल्यावर मनात पाप आलंच. गुरुवारी मी माझ्या पैशांनी एक नग घेतला. आणखी दोन घ्यावे का, असा विचार करत होतो तर अण्णांनी यंत्राच्या पलीकडून नुसती मान हलवली. डोलवली नाही, हलवली.

पुढच्या सोमवारी यादी आली. जॉर्ज मायकल पहिला. 'स्टुडिओ १' चाळीसावा.

एक आठवडा आधी तिसऱ्या नंबरचं गाणं, आणि त्याच गाण्याचा अल्बम चाळीसावा. मी कागद दोनदा वाचला, छपाईची चूक असेल म्हणून. आमच्या दुकानात एका भिंतीवर चाळीस खण होते, यादीतल्या पहिल्या चाळीस अल्बमना एकेक. एक नंबर डोळ्यांच्या उंचीला, आणि चाळीसावा पार खाली उजवीकडे, फरशी पुसायच्या बादलीशेजारी. अण्णांनी काही न बोलता नंबरांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. मी गुडघ्यावर बसून चौघींना त्या खणात लावलं. तेवढ्यात बिलिंगवरच्या पोराने हाक मारली, "ए, फोर्टी!" माझं नाव तिथे कुणाला धड म्हणता येत नव्हतं, आणि त्या दिवसापासून म्हणायची गरजही उरली नाही. पुढचे दहा महिने मी फोर्टी.

खणातला मुक्काम एकाच आठवड्याचा ठरला. २० नोव्हेंबरला एकदमच चौघे आले: ओॲसिसचा संग्रह, यू२ चा संग्रह, बीटल्सच्या गाण्यांची नवी गुंफण 'लव्ह' आणि वेस्टलाइफचा प्रेमगीतांचा अल्बम. ओॲसिस आणि बीटल्स या दोघांना मागे टाकून वेस्टलाइफ पहिले आले, यावर अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्या लोंढ्यात पन्नास-साठ नंबरवाल्यांना कोण विचारतो. दाराशी असलेले माझे ढीग मीच उचलून आतल्या फळीवर नेले. तिथून पोस्टरही दिसत नव्हतं, कारण त्यावर टेक दॅट चिकटवलं होतं.

टेक दॅट या मुलांच्या पॉप गटाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण मला खरा धडा... धडा नको म्हणू, खरी जळजळ तिथे झाली. त्यांचाही गट फुटलेला, १९९६ साली. रॉबी विल्यम्स त्याच्याही आधी बाहेर पडलेला. त्यांचाही नवा अल्बम, 'ब्यूटिफुल वर्ल्ड', त्याच नोव्हेंबरात, शेवटच्या सोमवारी. सगळं आमच्यासारखंच. (आमच्या! मी तोवर पार्लोफोनचा भागीदारच झालो होतो.) पण त्या सोमवारी दुकान उघडायच्या आधी शटरबाहेर बायका उभ्या होत्या, आणि अण्णांनी मागवलेले नग बुधवारपर्यंत पुरले नाहीत. अल्बम थेट पहिल्या नंबरवर गेला आणि पुढे ब्रिटनमध्ये वीस लाखांच्या वर खपला.

मी अण्णांना विचारलं, असं का? ते म्हणाले, टेक दॅटने आधी लोकांची भूक पाहिली. २००५ मध्ये टीव्हीवर त्यांच्यावर माहितीपट झाला, रडारड झाली, जुन्या गाण्यांचा संग्रह आला, मग २००६ च्या उन्हाळ्यात दौरा. लोकांनी जुनी गाणी पोटभर गाऊन घेतली. सगळ्यात शेवटी नवीन गाणं पुढ्यात ठेवलं, आणि तेही कसं, तर लोकांच्या आठवणीत टेक दॅट जसं होतं अगदी तसं. तुझ्या मैत्रिणींनी दार उघडल्या उघडल्या नवीन पदार्थ वाढला. आलेल्याला आधी घरात तर येऊ द्या, बसू द्या.

हे त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं, आजही पटत नाही. अल्बम वाईट नव्हता. मी तो त्या हिवाळ्यात बसमध्ये रोज ऐकला. चार माणसं सहा वर्षं एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि मग माइकसमोर उभी राहिली की आवाज बोटांसारखे एकमेकांत अडकतात, ही गोष्ट मला कुठल्याही पुनर्मीलनाच्या माहितीपटापेक्षा मोठी वाटते. पण काउंटरच्या या बाजूला आपल्याला काय वाटतं याला किंमत नसते. बाबांना कुमार गंधर्व आवडायचे आणि विकायचे ते दादा कोंडके.

जानेवारीत सेल. लाल चिठ्ठ्या आल्या. चाळीसपैकी तेरा गेले होते, माझा एक धरून. परत पाठवायची पद्धत अशी: आधी कंपनीकडे मोजणी कळवायची, त्यांच्याकडून मंजुरीचा क्रमांक घ्यायचा, प्रत्येक नगावरचं आपल्या किमतीचं स्टिकर काढायचं, आणि गोंद राहता कामा नये. गोंद राहिला की नग परत येतो. स्टिकर मी लावली होती, रविवारी रात्री, उत्साहात, दाबून. वीस नगांचा गोंद काढायला मला लायटरचं पेट्रोल आणि दोन दिवस लागले. मागच्या खोलीत थंडी इतकी की बोटं वाकेनात. प्रत्येक कव्हरवर चौघी, आणि त्यांच्या तोंडावरून मी चिंधी फिरवतोय. वीस नग खोक्यात भरले, क्रमांक लिहिला, टेप मारली. कुरिअरवाल्याने खोकं उचललं आणि विचारलं, हलकंच आहे, काय आहे? अण्णा म्हणाले, "फोर्टीचं मन."

उरले सात. ते २.९९ च्या ट्रेमध्ये गेले, मग १.९९ च्या. त्या महिन्यात बाजारात चर्चा वेगळ्याच होत्या. म्युझिक झोन ही दुकानांची साखळी जानेवारीत बुडाली. तिची बरीच दुकानं फॉप या दुसऱ्या साखळीने घेतली, आणि जूनमध्ये फॉपनेही शटर ओढलं. सुपरमार्केटं दूध-अंड्यांबरोबर सीड्या आमच्या खरेदी किमतीला विकत होती. तरुण गिऱ्हाईक नावं विचारून घरी जाऊन डाउनलोड करत होतं. त्या गडबडीत ऑल सेंट्सचं दुसरं गाणं 'चिक फिट' आलं कधी नि गेलं कधी, कळलंच नाही. कंपनीने त्यांना सोडल्याची बातमी आली तेव्हा मी ती अण्णांना वाचून दाखवली नाही. त्यांनी आधीच वाचली होती, आणि तेही बोलले नाहीत. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच चौघींचा 'रेड फ्लॅग' ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरवर गेला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. मिटिंगमध्ये मोबाइलवर ते वाचून मी टेबलावर इतक्या जोराने हात मारला की बॉसने प्रेझेंटेशन थांबवलं.

२००७ च्या सप्टेंबरात मी परत निघालो. शेवटच्या दिवशी दुकानातल्यांनी केक आणला, आणि अण्णांनी तपकिरी कागदात बांधलेलं एक पुडकं दिलं. वर सगळ्यांच्या सह्या. विमानतळावर उघडलं, तर आत 'स्टुडिओ १'चे पाच नग. सातपैकी दोन गेले होते म्हणजे. कुणी घेतले असतील देव जाणे. पाचांवरही ९९ पेन्सचं स्टिकर, घट्ट दाबून लावलेलं.

सांगलीत आलो तर बाबांच्या खोक्यावर मोबाइल रिचार्जचा निळा बोर्ड लागला होता. कॅसेटी मागच्या फळीवर, त्यावर चादर. इंग्रजीची फळी मोकळी करून तिथे चार्जर टांगले होते. मी पुडकं काउंटरवर ठेवलं. बाबांनी चष्मा वर सारून एकेक सीडी हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली, नखाने स्टिकर खरवडून बघितलं.

"परत घेतात का?" त्यांनी विचारलं.